चुलीपाशी चौकशी : आंबटगोड पोर्क, कुरकुरीत

चायनीज हॉटेलातून 'स्वीट अँड सावर पोर्क' बांधून आणलं आणि घरी येऊन डबा उघडला, की काय होतं? वास झकास, रंग झकास, पण तुकडा तोंडात टाकावा तर आमटीत पडलेल्या भज्यासारखा लिबलिबीत! मग कुणीतरी हमखास म्हणतं, "तिथे बसून खाल्लं तेव्हा कसं कुरकुरीत होतं!"

दोष हॉटेलवाल्याचा नाही, वाफेचा आहे. गरम तुकडे बंद डब्यात कोंडले की त्यांच्यातली वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि ते टपटप खाली पडतं. शिवाय सॉसमधलं पाणी आवरणात मुरत असतं ते वेगळंच. म्हणूनच इंग्लंडमधली पुष्कळ दुकानं सॉस निराळ्या डबीत घालून देतात. अमेरिकन सिनेमात तुम्ही तो पांढरा, तारेच्या कडीचा कागदी डबा पाहिला असेल. १८९४ साली शिकागोच्या फ्रेडरिक विक्स विलकॉक्स याने त्याचं पेटंट घेतलं. एकाच कागदाच्या घड्या, तळाला कुठेही जोड नाही, त्यामुळे रस्सा गळत नाही. असे डबे आधी कालवं नेण्यासाठी वापरत. चायनीज जेवण त्यात शिरलं ते नंतर. डबा हुशारच, पण अर्ध्या तासाच्या वाटेपुढे त्याचंही काही चालत नाही.

आपल्या घरात मात्र कढईपासून ताटापर्यंत चार पावलांचं अंतर. तेव्हा हा पदार्थ घरी हॉटेलपेक्षा सरस होऊ शकतो. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की हवी : या पदार्थातली प्रत्येक युक्ती पाण्याला हुसकावण्यासाठी आहे.

आता बाजारहाट. चार माणसांना अर्धा किलो पोर्क, हाड नसलेलं, थोडी चरबी असलेलं. कोल्ड स्टोरेजच्या दुकानात मिळेल. ज्यांच्या घरी पोर्क चालत नाही त्यांनी कोंबडीच्या मांडीचं मांस घ्यावं, शाकाहारी मंडळींनी फ्लॉवरचे तुरे. (पनीरही चालतं, पण फ्लॉवर जास्त कुरकुरीत होतो, असं माझं मत.) एक अंडं, एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक कांदा, दोन ढोबळी मिरच्या, एक वाटी अननसाच्या फोडी, आलं, लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, साखर आणि टोमॅटो केचप.

मांसाचे साधारण एक इंचाचे तुकडे करा आणि स्वच्छ कापडाने टिपून कोरडे करा. पाण्याशी लढाई इथेच सुरू होते! त्यांना एक मोठा चमचा सोया सॉस, अर्धा लहान चमचा मीठ, थोडी मिरपूड आणि आल्याचा रस चोळून अर्धा तास ठेवा. इथे एक सावधगिरी. 'अननसाचा रसही आत्ताच घालू या' असा मोह होईल. घालू नका. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते मांसातली प्रथिनं तोडतं. फार वेळ ठेवलं तर तुकडे पिठाळ होतात. खूप अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यात याचाही हात असतो. उष्णता लागली की मात्र त्याची ताकद संपते, म्हणून शेवटी कढईत घातलेला अननस बिनधोक.

अंडं फेटून तुकड्यांना लावा आणि एकेक तुकडा कोरड्या कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवा. मैदा का नाही? मैद्यात ग्लुटेन असतं. पाणी लागलं की ते चिवट होतं, पोळीच्या कणकेसारखं ताणलं जातं. आपल्याला पोळी नको, कुरकुरीत कवच हवं. कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात ग्लुटेन नाही. घोळवलेले तुकडे पाच मिनिटं तसेच राहू द्या, म्हणजे पीठ चिकटून बसेल आणि तेलात सुटणार नाही.

आता तळण. हे काम मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय करायचं नाही, आणि कढई निम्म्यापेक्षा जास्त भरायची नाही. आईबाबा, तुमच्यासाठीही एक सूचना : तेलाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण ठेवा. पाणी चुकूनही ओतू नका, पेटलेलं तेल उसळून घरभर उडतं.

तेल मध्यम तापवा. पिठाची चिमूट टाकली की ती बुडबुडे सोडत वर आली पाहिजे, पण लगेच करपता कामा नये. थोडे थोडे तुकडे सोडा. एकदम सगळे टाकले तर तेल थंड पडतं आणि तुकडे तेल पितात. ते बुडबुडे दिसताहेत ना? ते तेल उकळत नाही आहे. मांसातलं आणि पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पळतं आहे. चार-पाच मिनिटांनी बुडबुडे कमी झाले की तुकडे काढून जाळीवर पसरा. कागदावर ढीग केलात तर खालचे तुकडे वाफेने पुन्हा मऊ.

एक तुकडा कापून बघा. आत कच्चं गुलाबी अजिबात राहता कामा नये. कच्च्या पोर्कमधून पट्टकृमी पोटात जाऊ शकतात, तेव्हा इथे घाई नाही. कच्चं मांस कापलेली सुरी, पाट आणि स्वतःचे हात साबणाने धुऊन मगच भाजीला हात लावायचा.

आणि आता खरी गंमत. तुकडे दहा मिनिटं गार होऊ द्या. या वेळात आतला ओलावा हळूहळू बाहेर कवचात येतो, कवच नरम पडतं. पडू द्या! तेल आधीपेक्षा जास्त तापवा आणि तेच तुकडे मिनिटभर पुन्हा तळा. कवचात आलेलं पाणी झटक्यात उडतं, आतलं मांस मात्र वाळायला वेळच मिळत नाही. हॉटेलातही हेच चालतं : पहिलं तळण दुपारी, दुसरं तुमची ऑर्डर आल्यावर.

सॉसचं गणित पाठ करायला सोपं. व्हिनेगर, साखर आणि केचप, तिन्ही चार-चार मोठे चमचे. त्यात तेवढंच पाणी, एक लहान चमचा सोया सॉस, चिमूटभर मीठ. आंबट आणि गोड एकत्र आले की दोघांचा तिखटपणा, म्हणजे झोंबरेपणा, कमी होतो. नुसतं चार चमचे व्हिनेगर पिऊन बघा! (खरंच पिऊ नका.) आपल्याला हे नवीन नाही. चिंचगुळाची आमटी दुसरं काय करते? आणि पोर्क-व्हिनेगरची जोडी तर गोव्यात घरचीच. विंदालू हे नाव ज्या पोर्तुगीज पदार्थावरून पडलं, त्याच्या नावाचा अर्थच वाइन आणि लसूण असा. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं.

केचप बघून कुणी नाक मुरडेल, "चिनी पदार्थात केचप? हे काही अस्सल नाही." त्यांना दोन गोष्टी सांगा.

पहिली गोष्ट शब्दाची. 'केचप' हा शब्दच बहुधा दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या होक्किएन बोलीतला. तिथे तो मासे आंबवून केलेल्या सॉसचं नाव होता. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो उचलला, युरोपात नेला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात त्याला टोमॅटो चिकटला. मग बाटलीत बसून स्वारी परत चिनी कढईत! टोमॅटो, अननस आणि ढोबळी मिरची तर मुळात अमेरिका खंडातले.

दुसरी गोष्ट माणसांची. आपला पदार्थ दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताचा. तिथे त्याला 'कू लौ युक' म्हणतात. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधात याच प्रांतातले हजारो लोक कॅलिफोर्नियात गेले. पुढे त्यांनी डोंगर फोडून रेल्वे बांधली. ती १८६९ मध्ये पुरी झाली. आणि १८८२ साली अमेरिकेने कायदा केला : यापुढे चिनी मजुरांना प्रवेश नाही. तो कायदा रद्द व्हायला १९४३ उजाडलं. व्यापाऱ्यांना तेवढी सवलत होती, आणि १९१५ साली न्यायालयाच्या एका निकालाने खानावळीचे मालकही व्यापाऱ्यांत धरले गेले. झालं! बायको-मुलांना, भावाला आणायचं तर खानावळ काढा. गावोगावी चिनी खानावळी निघाल्या त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. गिऱ्हाईक अमेरिकन, त्याला गोड आवडतं, हाड नको, तुकडा कुरकुरीत हवा. आचाऱ्याने गावाकडची चव आठवत, हाताशी असलेल्या बाटलीतून, समोरच्याला रुचेल असं रांधलं. आता हे अस्सल की नक्कल? मला तर त्या केचपची लाज वाटायचं काही कारण दिसत नाही.

असो, कढई थंड होतेय. तिच्यातलं तेल मोठ्या माणसाकडून काढून घ्या, दोनच चमचे राहू द्या. आच मोठी. लसूण, मग कांदा आणि मिरचीचे चौकोनी तुकडे, एक मिनिट, बस्स; मिरचीने कचकच आवाज केला पाहिजे. सॉस ओता. एक लहान चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घाला. गरम पाण्यात कालवलं तर वरचे कण आधी फुगतात, आतले कोरडेच राहतात आणि गुठळ्या होतात. सॉस चकचकीत होऊन डावाला चिकटला की थांबा. आंबट सॉस फार उकळला तर पुन्हा पातळ होतो. अननस घाला, तळलेले तुकडे घाला, दहा वेळा परता आणि ताटात. हॉटेलातल्यासारखा भडक लाल रंग येणार नाही, कारण तिथे बऱ्याचदा खायचा रंग घातलेला असतो. आपल्याला नको.

पानं आधीच मांडलेली हवीत, भात वाढलेला हवा. आणि कुणी क्लासहून उशिरा येणार असेल, तर त्याच्या वाटचे तुकडे आणि सॉस वेगवेगळे ठेवा. तो आला की तुकडे कोरड्या तव्यावर गरम करायचे आणि सॉस वरून घालायचा.

पुढच्या आठवड्यात : साबुदाणा भिजवताना पाणी बोटभरच का?