हळद, लस आणि माझा शहाणपणा

परवा ऑफिसच्या ग्रुपवर एका टीममेटने विचारलं, "पिल्लू आणलंय, कुणी चांगला होलिस्टिक पेट केअरवाला सांगा ना." पाच मिनिटांत सात उत्तरं. कुणी गोल्डन पेस्ट सांगितली, कुणी 'केमिकल-फ्री' गोचीड स्प्रे, आणि एकाने लिहिलं, "लसी कमीत कमी ठेव, इम्युनिटी नॅचरली बिल्ड होऊ दे." त्यावर चार अंगठे. मी टाईप करायला घेतलं, खोडलं, परत घेतलं. ग्रुपवर भांडण नको म्हणून शेवटी गप्प बसलो. आज शनिवार आहे, वेळ आहे, म्हणून इथे भांडतो.

आधीच सांगतो, मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. दीड वर्षापूर्वी जवळजवळ हेच वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. आणि ज्याला म्हटलं, त्याचं पिल्लू मेलं.

तर झालं असं. कंपनी पुण्याची, मी घरून काम करतो, विश्रामबागेत. आमच्या कोपऱ्यावरच्या गावठी कुत्रीला चार पिल्लं झाली. त्यातलं एक आम्ही घेतलं, तिचं नाव बर्फी. दुसरं हरिपूरला मामाकडे गेलं, त्याचं नाव अर्थातच वाघ्या. (मामाकडच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव वाघ्या असतं. व्हर्जन नंबर सुद्धा नाही.) दोघांना पहिला डोस सात आठवड्यांना, एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात.

दुसऱ्या डोसच्या आधी मी अभ्यास केला. 'अभ्यास' म्हणजे इंजिनिअर लोक जो करतात तो. रात्री दोनपर्यंत व्हिडिओ. एका बाईंचं ऑनलाईन कन्सल्टेशन घेतलं. त्यांनी बर्फीला कॅमेऱ्यात बघितलं, आमच्या घरातल्या एनर्जीबद्दल विचारलं, आणि सांगितलं की एका डोसनं प्रतिकारशक्ती जागी झालेली आहे, आता पुढचे डोस म्हणजे लहान शरीरावर विषाचा लोड. त्याऐवजी हळदीची पेस्ट, प्रोबायोटिक, आणि लसीला पर्याय म्हणून होमिओपॅथीच्या नोसोड नावाच्या गोळ्या. पटलं. खरं सांगू का, पटण्याचं मोठं कारण म्हणजे त्या चाळीस मिनिटं बोलल्या. दवाखान्यात मला तीन मिनिटं मिळाली होती आणि दोन इंजेक्शनं कसली दिली ते चिठ्ठीवरून आजतागायत वाचता आलेलं नाही.

मामाचा फोन आला, "दुसऱ्या डोसाला कधी न्यायचं रं? तू शिकलेला हाईस, तू सांग." मी सांगितलं, नको. एक झालाय, बास झाला.

बर्फी तीन महिन्यांची असताना एका शनिवारी जरा मलूल वाटली. जेवली नाही. मी हळदीची पेस्ट दुप्पट केली. रविवारी मी हरिपूरला जाऊन आलो, वाघ्याशी खेळलो, जेवलो. रात्री बर्फीला उलट्या सुरू झाल्या. मी त्या बाईंना मेसेज केला. उत्तर आलं की शरीर डिटॉक्स करतंय, घाबरू नका. सोमवारी पहाटे रक्ताचे जुलाब. तो वास एकदा आला की माणूस जन्मात विसरत नाही. दवाखान्यात विष्ठेची टेस्ट दहा मिनिटांत पॉझिटिव्ह. पार्वो.

पार्वोव्हायरस नेमकं करतो काय, तर शरीरात ज्या पेशी भराभर वाढत असतात त्यांच्यावर तुटून पडतो. पिल्लात अशा पेशी दोन ठिकाणी, आतड्याच्या अस्तरात आणि हाडांच्या मगजात. म्हणजे एकीकडे आतडं सोललं जातं, आणि दुसरीकडे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बनवणारा कारखानाच बंद पडतो. व्हायरसला मारणारं औषध हाताशी नसतंच. सलाईन, उलटी थांबवणारी औषधं, अँटिबायोटिक, आणि पोटात थोडं थोडं अन्न जात राहणं, एवढ्या भांडवलावर पिल्लाचं शरीर लढतं. वेळेवर दाखल केलेली बहुतेक पिल्लं वाचतात. उपचारच नाही मिळाले तर दहातली नऊ जातात. मी दीड दिवस घालवला होता. हळद चाटवण्यात.

बर्फी पाच दिवस सलाईनवर होती. पाचव्या दिवशी तिनं शेपटी हलवली. हलवली म्हणजे टोक दोन इंच सरकलं.

शनिवारी मी हे सांगायला मामाला फोन केला. मामी बोलली. वाघ्या शुक्रवारी आजारी पडला, शनिवारी सकाळी गेला. फोन का नाही केला विचारलं तर म्हणाली, "तू आधीच टेन्शनमध्ये हुतास की." हा व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभर टिकतो. चपलेवरून, हातावरून, कपड्यांवरून जातो. रविवारी मी माझ्या चपलेवरून तो हरिपूरला नेला, की तो मामाच्या अंगणात आधीपासून होता, हे कळायचा आता मार्ग नाही. मामा मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

असो. आता मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा, "एक डोस झाला की बास". हे वाक्य जो माणूस बोलतो त्याला पिल्लाला तीन-चार डोस का देतात हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला अँटिबॉडी मिळतात. त्या पिल्लाला वाचवतात, पण लसीतला विषाणूही तोच समजून निकामी करतात. या अँटिबॉडी हळूहळू ओसरतात, पण कधी ओसरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एकाचं आठ आठवड्यांना, एकाचं चौदा. म्हणजे सर्व्हर कधी अप होणार माहीत नाही, म्हणून आपण रिट्राय मारतो, ते हे. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी डोस, आणि शेवटचा सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. 'वसावा' नावाची पशुवैद्यकांची जागतिक संघटना आहे, तिच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत या सोळा आठवड्यांवर जोर आहे, शिवाय सहा महिन्यांच्या सुमारास आणखी एक डोस सांगितलाय. बर्फीचा पहिला रिट्राय बहुधा फेल गेला होता आणि मी लूपमधून ब्रेक मारून बाहेर पडलो. कोड रिव्ह्यूत कुणी असं केलं असतं तर मीच त्याची लाज काढली असती.

दुसरा मुद्दा, "डॉक्टर लोक गरजेपेक्षा जास्त लसी टोचतात". यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हे नीट समजून घ्या. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या रोनाल्ड शुल्ट्झ या प्राध्यापकांनी आयुष्यभर कुत्र्यांच्या लसींवर काम केलं. पिल्लूपणीचे डोस नीट झाले की पार्वो आणि डिस्टेंपरपासूनचं संरक्षण अनेक वर्षं टिकतं, हे दाखवणाऱ्यांत ते आघाडीवर होते. त्यामुळेच या लसी दरवर्षी न देता तीन वर्षांनी द्या, असं पुढे ठरलं. होलिस्टिकवाले यांचं नाव हमखास घेतात. पण याच शुल्ट्झनी १९९० च्या दशकात पार्वोच्या नोसोडचीही परीक्षा घेतली होती, आणि नोसोड दिलेल्या पिल्लांना त्याचं काही संरक्षण मिळालं नाही. हा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. शिवाय 'मोठ्या कुत्र्याला दरवर्षी नको' याचं 'पिल्लाला नकोच' कधी होतं, ते ऐकणाऱ्याला कळतही नाही. मला नाही कळलं.

तिसरा मुद्दा हळद. इथे मी सांगलीकर म्हणून बोलतो, तेव्हा जरा सांभाळून. आमच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरानं त्यातली कितीतरी पेवं गेली, पण ते असो. आमच्या मार्केट यार्डात सौदा झालेली हळद कुठल्यातरी शहरात जाते, खोबरेल आणि मिरपूड भेटते, काचेच्या बरणीत बसते, आणि 'गोल्डन पेस्ट फॉर पप्स' नावानं साडेचारशे रुपयांना मला विश्रामबागेत कुरिअरनं परत येते! आणि मी घेतो. माझ्या आईनं ती बरणी बघून जे तोंड केलं होतं ते अजून आठवतंय.

हळदीचा अभिमान कसा धरायचा याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीनं जखम भरण्यावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेनं ते पेटंट १९९७ मध्ये रद्द करवलं. कसं? 'आमची आजी लावायची' एवढं म्हणून नाही, छापील कागद, जुने संदर्भ समोर टाकून. ज्यांना हळद पार्वो बरा करते असं म्हणायचंय त्यांनी तसे कागद टाकावेत. मी पहिला माफी मागेन. तोवर हळद भातात घाला. आणि कुत्रा चावलेल्या जखमेत हळद, चुना, तिखट भरायची पद्धत अजून गावोगाव आहे, ती तरी बंद करा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं घ्यायची. रेबीजला दुसरा उपाय नाही.

'नॅचरल आहे, अपाय तर होणार नाही ना' हे तर सगळ्यात गंमतीशीर. गोचिडांवर नॅचरल उपाय म्हणून लसूण खायला घालणारे लोक मला माहीत आहेत. कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुके काही कुत्र्यांची किडनी निकामी करतात. आमच्या तासगावची द्राक्षं कितीही गोड आणि सेंद्रिय असली तरी!

आता चौथी गोष्ट, जी मला खरी टोचते. मामाकडे चार म्हशी आणि दोन गाई आहेत. लाळ्या-खुरकुताची लस तो चुकवत नाही. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा राज्यभर गाईंना लसी टोचल्या, तेव्हा डॉक्टरांची वाट बघत तो सकाळपासून गोठ्यात बसून होता. 'लोड' वगैरे काही नाही. कारण गाय मेली तर काय होतं हे त्यानं बघितलंय. कुत्र्याच्या बाबतीत मात्र तो अडला, आणि त्यानं घरातल्या शिकलेल्या माणसाला विचारलं. म्हणजे लसीवर विश्वास असलेल्या माणसाला लसीपासून तोडण्याचं काम बी.ई. झालेल्या भाच्यानं केलं. आपल्याला डिग्रीनं डॉक्युमेंटेशन वाचायला शिकवलं असं आपण समजतो. प्रत्यक्षात आपण ज्याची साईट छान दिसते त्याचं ऐकतो.

डॉक्टरांची बाजूही अगदी स्वच्छ नाही, ते म्हटलंच. आपल्या भागातला पशुवैद्यक मुख्यतः गाई-म्हशींच्या मागे धावणारा असतो, त्याला तुमच्या पिल्लाची जन्मकुंडली ऐकायला वेळ नसतो. मान्य. पण मग त्याला विचारा. कुठली लस, बाटलीवरचं स्टिकर कार्डावर लावा, पुढची तारीख लिहा, हे मागून घ्या. बर्फीच्या वेळी पाच दिवस जे डॉक्टर होते त्यांनी मागितल्यावर सगळं सांगितलं. उलट त्यांनी मला विचारलं, "घर कुठल्या बाजूला? पुराचं पाणी येतं का?" मला कळेना, पुराचा काय संबंध. तर संबंध लेप्टोचा. उंदरांच्या लघवीतून पाण्यात, पाण्यातून कुत्र्यात, आणि माणसातही. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते आठवतंय ना? ज्या शहरात असं होतं तिथे लेप्टोची लस आवश्यकच धरायची, आणि ती मात्र दरवर्षी. व्हिडिओ कॉलवरच्या बाईंनी एनर्जी विचारली होती, पाणी नाही. होलिस्टिक म्हणजे सगळा विचार करणं असेल, तर मला तो त्या दिवशी, फिनाईलचा वास येणाऱ्या एका खोलीत पहिल्यांदा दिसला.

बर्फी आता पावणेदोन वर्षांची आहे. दही-भात खाते, उन्हात लोळते, आंघोळीला साधा साबण. हे सगळं होलिस्टिकमध्येच मोडतं म्हणे. चालेल.

टीममेटला मी वेगळा मेसेज केला, ग्रुपवर नाही. त्याचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे, एक डोस झालाय. "दुसरा कधी?" विचारलं तर म्हणाला, बघू. मी त्याला वाघ्याचा फोटो पाठवला. कोणाचा आहे ते त्यानं विचारलं आणि मग आम्ही तासभर बोललो.

मामाचा फोन गेल्या आठवड्यात आला होता. शेजारच्या शेतात पिल्लं झालीत, एक आणू का म्हणाला. अंगणाला आता वर्ष उलटून गेलंय, तरी मी म्हटलं, डोस पूर्ण होईपर्यंत त्याला माडीवरच ठेव, अंगणात सोडू नको. "माडीवर? मामी मला माडीवर ठेवील," म्हणाला. मग म्हणाला, बरं, तारखा सांग. मी चारही तारखा सांगितल्या, आणि त्यानं त्या कालनिर्णयवर लिहून घेतल्या, लाळ्या-खुरकुताच्या तारखेच्या खाली.