किल्ली लांब, पण कुलूप कच्चे

ऑगस्ट १९९८. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथील ‘क्रिप्टो’ परिषदेत बेल लॅब्जच्या डॅनियल ब्लायकेनबाकर यांनी आरएसए कूटलेखनाच्या प्रचलित पद्धतीला सुरुंग लावला. त्यांनी ना किल्ली फोडली, ना मोठ्या संख्येचे अवयव पाडले. हाती लागलेला कूटसंदेश थोडाथोडा बदलून सर्व्हरकडे धाडत राहायचे, एवढीच युक्ती. उलगडलेल्या मजकुराची सुरुवात ०० आणि ०२ या ठरलेल्या बाइटनी झाली नाही, की सर्व्हर चूक कळवायचा. त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न बेतायचा. असे सुमारे दहा लाख प्रश्न विचारले, की मूळ मजकूर हाती!

उत्तर पाहून डाव बदलणारा हा शत्रू अभ्यासकांना नवा नव्हता. चार्ल्स रॅकॉफ आणि डॅनियल सायमन यांनी १९९१ मध्येच त्याची व्याख्या केली होती. शिवाय १९९८ च्या त्याच परिषदेत रोनाल्ड क्रेमर आणि व्हिक्टर शूप यांनी त्याला पुरून उरणारी, गणिती सिद्धतेसह वापरण्याजोगी पद्धत मांडली. तिच्यात कूटसंदेशालाच पडताळणीचा भाग जोडलेला असतो. छेडछाड झालेला संदेश बाद होतो.

उद्योगाने मात्र डागडुजीवर भागवले. इंटरनेटवरील संपर्क सुरक्षित करणाऱ्या टीएलएस प्रमाणकात जुनी आरएसए पद्धत तशीच राहिली. चूक बाहेर कळू देऊ नका, अशा सूचना तेवढ्या आल्या. २०१७ मध्ये हानो बोक, युराय सोमोरोव्स्की आणि क्रेग यंग यांनी ‘रोबोट’ नावाने तोच हल्ला पुन्हा करून दाखवला. लोकप्रिय संकेतस्थळांच्या अलेक्सा यादीतल्या पहिल्या १०० डोमेनपैकी २७ त्यात सापडली. फेसबुकच्या खासगी किल्लीने त्यांनी एका संदेशावर सहीसुद्धा केली. तेव्हा ही त्रुटी १९ वर्षांची होती.

तरीही सुरक्षिततेची हमी म्हणून २०४८ बिट, ४०९६ बिट असे आकडेच पुढे केले जातात. किल्ली कितीही लांब असली, तरी सर्व्हर आतली खबर देत असेल तर तिचा उपयोग काय?

आता क्वांटम संगणकांच्या धास्तीने जगभर कूटलेखन बदलते आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाणक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या एमएल-केम या किल्ली ठरवण्याच्या नव्या पद्धतीत उलगडलेला संदेश पुन्हा कूटबद्ध करून आलेल्या कूटसंदेशाशी ताडला जातो. न जुळल्यास चूक न सांगता निरुपयोगी किल्ली दिली जाते. वेग वाढवण्यासाठी ही पडताळणी गाळण्याची मुभा कुणालाही नको. बँका आणि सरकारी खात्यांनी ही अट कंत्राटातच घालावी, स्वतंत्र तपासणी करून घ्यावी आणि टीएलएसमधला जुना आरएसए किल्ली-विनिमय आजच बंद करावा. टीएलएस १.३ ने २०१८ मध्येच त्याला निरोप दिला आहे.