कारागिराच्या नावाचे मोल

मावळातील कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात धेनुकाकटच्या सामि नावाच्या सुताराचा शिलालेख आहे. द्वार आपण घडविले, एवढीच त्याची नोंद; पण तिच्यामुळे सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्या कामाचा कर्ता आपणांस ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या ख्यातनाम फॅशन पेढीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या, तेव्हा कर्त्याचा तर नाहीच, कोल्हापूरचाही उल्लेख नव्हता. टीकेचे मोहोळ उठल्यावर पेढीने या चपलांमागील भारतीय प्रेरणा मान्य केली.

मारिओ प्राडा यांनी १९१३ साली मिलानमध्ये चामडी वस्तूंचे दुकान काढले. त्यांची नात मिउच्चा प्राडा यांनी १९८० च्या दशकात साध्या नायलॉनच्या काळ्या पिशव्यांना श्रीमंती प्रतिष्ठा मिळवून दिली. अशा पेढीचे खरे भांडवल म्हणजे तिचे नाव. नावाचे मोल जिला इतके ठाऊक, तिने दुसऱ्याचे नाव वगळावे, ही क्षुल्लक बाब नव्हे.

परंतु कायदा येथे थिटा पडतो. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी मिळालेले भौगोलिक मानांकन ‘कोल्हापुरी’ या नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये याविषयीची जनहित याचिका फेटाळली. याचिकाकर्ते मानांकनाचे धारक नव्हते.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. सुमारे २,००० जोड येथेच घडवून, प्रत्येकी सुमारे ८०० युरोंना, म्हणजे जवळपास ८० हजार रुपयांना, विकण्याची योजना तेव्हा जाहीर झाली. याने कलेचा मान वाढेल, हे खरे. पण एवढ्या जोडांवर आठ जिल्ह्यांतील चुली पेटणार नाहीत.

मिलानला जाब विचारताना आपण स्वतःकडेही पाहावे. चर्मकाराच्या कामाला ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हलके लेखले, तोच आज त्याच्या कलेचा अभिमान मिरवतो. लोणावळ्याच्या बाजारपेठेत चपलेचा भाव करताना ती कोणी, कोठे शिवली, हे किती जण विचारतात? प्रत्येक जोडावर करणाऱ्याचे नाव व गाव उमटावे आणि विक्रीच्या किमतीतील त्याचा वाटा लेखी ठरावा, असा आग्रह महामंडळांनी धरला पाहिजे. तो धरला नाही, तर मान कोल्हापूरला मिळेल, नफा मिलानला जाईल आणि चर्मकार होता तेथेच राहील.