खिडकी कोणाची?

टेंभुर्णीच्या माणसाला आयुष्यात शंभरदा तरी सांगावं लागतं, की मी 'त्या' टेंभुर्णीचा नव्हे. ती सोलापूर जिल्ह्यातली. पुण्याहून सोलापूरला जाताना हमरस्त्यावर लागते, लोक तिथे चहा घेतात आणि टेंभुर्णी पाहिली म्हणून सांगतात. आमची टेंभुर्णी जालना जिल्ह्यातली, जाफ्राबाद तालुक्यातली. इथे कोणी वाटेत म्हणून येत नाही, ठरवूनच यावं लागतं.

आमची ही अडचण न सांगता ओळखणारा मला एकच भेटला, आणि तो माणूस नाही. ईमॅक्स नावाचा एक टेक्स्ट एडिटर आहे. एडिटर म्हणजे अग्रलेख लिहिणारा, अशी आमच्या हिची समजूत आहे. पण हा एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायची वही. एकाच नावाच्या दोन फायली उघडल्या, की हा गडी प्रत्येकीच्या नावापुढे टोकदार कंसात तिच्या फोल्डरचं नाव लावतो. टेंभुर्णी, कंसात जालना. टेंभुर्णी, कंसात सोलापूर. 2014 पासून तो हे आपणहून करतो. टपालखात्याने आदर्श म्हणून भिंतीवर लावावा असा हा गुण.

ज्याला एवढी समज, त्याने माझ्या खिडक्यांशी असं वागावं, हेच माझं दुखणं आहे.

मूळ ईमॅक्स 1976 साली अमेरिकेत एम.आय.टी.त जन्मला. रिचर्ड स्टॉलमन यांनी आजचा ग्नू ईमॅक्स 1985 साली लोकांसाठी खुला केला आणि पुढच्याच वर्षी प्रोग्राममधल्या चुका शोधणारा जीडीबी हा डीबगरही लिहिला. ईमॅक्सची भाषा अस्सल सुताराची. पडद्यावर दिसतं त्या सबंध आयताला तो चौकट म्हणतो आणि आतल्या कप्प्यांना खिडक्या. आमच्या सुताराला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "बरोबरच हाय की, गुरुजी. दुसरं काय म्हनावं?"

याच सुताराने आमची मागची खोली बांधताना खिडकी बसवण्याआधी विचारलं होतं, "झडपा आत उघडू का भाईर?" जुनं घर माळवदाचं. भिंती दोन हात रुंद आणि खिडक्या मोजून तीन. एक रस्त्यावरची, एक चुलीच्या धुराची आणि एक मांजराची. तिघींची कामं ठरलेली. धुराच्या खिडकीत सकाळी एकदम रस्ता दिसू लागला, असं कधी घडलं नाही.

चुका शोधण्याचा आणि खिडक्यांचा संबंध तसा जुना आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या 'मार्क टू' या यंत्राच्या एका रिलेत पतंग सापडला. तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला गेला आणि 'बग' या शब्दाला पुरावा मिळाला. उन्हाळा होता, गार हवेची सोय नव्हती, म्हणून खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, अशी आठवण ग्रेस हॉपरबाई सांगत. म्हणजे तिथेही गडबड खिडकीतूनच आत आली.

आता माझी कथा. गावातल्या एका भिशीचा हिशेब माझ्याकडे आहे. मी निवृत्त गणितशिक्षक, आणि गणित शिकवणाऱ्याला हिशेब येतो असा गावाचा समज आहे. चोवीस सभासद. व्याजाची वाटणी करायला मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला. दिवाळीच्या तोंडावर चोवीस जणांच्या वाट्यांची बेरीज केली, तर व्याजाच्या रकमेपेक्षा अकरा रुपये कमी! अकरा रुपयांत हल्ली काय येतं? पण हिशेब ठेवणाऱ्याकडे अकरा रुपये सापडत नाहीत म्हटल्यावर गावात काय बोलतात, ते मला ठाऊक आहे. पस्तीस वर्षांची मास्तरकी अकरा रुपयांत जाते.

म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर बसलो. लहानसा लॅपटॉप. डाव्या खिडकीत भिशीची वही, उजवीकडे मुख्य प्रोग्राम, खाली डीबगर. जुन्या घरासारख्या तीन खिडक्या. व्याजाचं गणित वेगळ्या फायलीत होतं. तिथे थांबण्याची खूण केली आणि प्रोग्राम सोडला. डोळे वहीवर. सातव्या सभासदाचा वाटा किती, तो आकडा मनात धरून ठेवला होता. प्रोग्राम खुणेवर थांबला मात्र, आणि वही गेली! तिच्या जागी व्याजाची फाईल हात जोडून उभी.

यात अपघात नाही, नियम आहे, आणि माझा वाद त्या नियमाशीच आहे. नवी फाईल दाखवायची झाली, तर ईमॅक्स आधी नवी खिडकी पाडायला जागा आहे का ते बघतो. जागा नसली, की सर्वात जास्त काळ न वापरलेली खिडकी शोधतो आणि पाहुण्याला तिथे बसवतो. ऐकायला हे किती शहाणपणाचं वाटतं! पण 'वापरली' म्हणजे काय? जिच्यात तुम्ही कर्सर नेलात, ती वापरली. जिच्याकडे तुम्ही टक लावून पाहत आहात, तिची नोंद कुठेच नाही. डोळ्यांना या कचेरीत हजेरीपट नाही. वही तर मी नुसती पाहत होतो, तिला बोटही लावलं नव्हतं. म्हणजे जी मला सर्वात हवी, तीच त्याच्या लेखी सर्वात बिनकामाची. या न्यायाने घरातली भिंतीवरची घड्याळं आधी भंगारात घालावीत. त्यांना हात कोण लावतो?

आणि याहून संतापाची गोष्ट पुढेच आहे. ईमॅक्समध्ये एखादी खिडकी राखीव ठेवता येते. राखीव म्हटलं की तिच्यात दुसरं काही घुसत नाही. डीबगर आपल्या स्वतःच्या खिडक्या, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं त्याची यादी, थांबण्याच्या खुणांची यादी, वगैरे, आल्याबरोबर राखीव करून टाकतो. एस.टी. थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारे असतात ना, तसं. त्याच्या जागांवर रुमाल आणि माझी वही उभ्याने!

पुण्याच्या पुतण्याला फोन लावला. तो या धंद्यातला.

"काका, सेटिंग आहे ना त्याला! डीबगर बंद केल्यावर खिडक्या पहिल्यासारख्या करायचीही आहे. 2022 पासून."

"मग ते चालू का नसतं?"

"तुम्ही चालू करायचं."

"ते आहे, हे मला कोण सांगणार?"

"मॅन्युअल वाचा ना, काका."

हे 'सेटिंग आहे' प्रकरण मला मान्य नाही. ज्याला उपाय ठाऊक आहे त्याला तो मिळतो, म्हणजे आतून लावलेल्या कडीची तक्रार केल्यावर "कडी आतून निघते की" म्हणून सांगण्यासारखं झालं. पाहुण्याने जाताना जागच्या वस्तू जागी ठेवाव्यात, हे पाहुण्याने आधीच शिकून यायचं असतं. यजमानाने चालू करायचं बटण नव्हे ते.

डीबगरची बाजू मला दिसत नाही असं नाही. प्रोग्राम कुठे थांबला, हे त्याने दाखवलंच पाहिजे. तेवढ्यासाठीच तर त्याला बोलावला. पण एकच खिडकी, आणि ती मी नेमून दिलेली. उजवीकडचा मुख्य प्रोग्राम झाकला असता, तर मी हूं की चूं केलं नसतं. पुतण्या म्हणतो, दुसऱ्या एका लोकप्रिय एडिटरमध्ये प्रोग्राम थांबला की सबंध चौकटच बाकीच्यांना ढकलून पुढे येते, आणि तेही मुळात चालूच असतं. असेल. शेजारचा जास्त दांडगा आहे म्हणून आमच्याने कौतुक करून घ्यावं का?

शेवटी वहीची खिडकी राखीव केली आणि पुन्हा बसलो. व्याजाची फाईल या वेळी मुकाट्याने उजवीकडे गेली. डावीकडे वही, उजवीकडे गणित, आणि सातव्या सभासदाशीच चूक हाताला लागली. वाटा पूर्णांकात ठेवताना पैसे गळत होते, कोणाचे तीस, कोणाचे ऐंशी. चोवीस जणांचे मिळून अकरा रुपये. चोर प्रोग्राममध्ये होता आणि तो प्रोग्राम माझाच होता, हे इथे नमूद करतो. भिशीत नमूद केलं नाही.

तेवढ्यावर झोपलो असतो. पण मास्तर माणूस, चूक दिसली की लाल पेन शोधतो. ईमॅक्समध्ये तक्रार लिहायची आज्ञा आहे. ती दिली. "जुने रिवाज बदला, माणूस पाहत असलेली खिडकी ओढून घेऊ नका," असं खणखणीत लिहायचं ठरवलं. आज्ञा देताच तक्रार लिहायला एक खिडकी उघडली. आणि तिच्या जोडीला, तक्रार कशी लिहावी याच्या सूचना असलेली दुसरी खिडकी, न मागता.