जखम दिसते, मारेकरी दिसत नाही

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात, डॉर्चेस्टर शहराच्या बाहेर एका टेकडीवर ‘मेडन कॅसल’ नावाचा किल्ला आहे. किल्ला म्हटले की आपल्याला बुरूज आणि दगडी तट आठवतात. इथे तसे काही नाही. टेकडी खोदून एकामागे एक उभारलेले मातीचे उंच बांध आणि त्यांच्यामधले खोल खंदक, एवढेच आज दिसते. लोहयुगातल्या लोकांनी सुमारे २६०० वर्षांपूर्वी तो बांधायला घेतला आणि पुढे वाढवत सुमारे १९ हेक्टरांपर्यंत नेला. या किल्ल्याच्या पूर्व दरवाजात सापडलेल्या सांगाड्यांची कहाणी प्रत्येक डॉक्टरने, आणि खरे तर प्रत्येक नागरिकाने, समजून घ्यावी अशी आहे.

१९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा यांनी इथे उत्खनन केले. टेसा काम चालू असतानाच, १९३६ मध्ये वारल्या. पूर्व दरवाजाशी दफन केलेले पन्नासहून अधिक सांगाडे मिळाले. त्यांतल्या चौदांवर घातपाती मृत्यूच्या खुणा होत्या. कुणाच्या कवटीवर तलवारीचे घाव होते, तर एकाच्या कण्यात लोखंडी टोक रुतलेले होते. किल्ल्यात गोफणगुंड्यांचे वीस हजारांहून मोठे ढीगही सापडले. व्हीलर यांनी यावरून एक चित्र उभे केले. इ. स. ४३ मध्ये रोमन फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या. पुढे सम्राट झालेल्या व्हेस्पेशियनने त्या मोहिमेत वीसहून अधिक ठाणी जिंकल्याचे रोमन इतिहासकार सुएटोनियसने लिहून ठेवले आहे. मेडन कॅसल हे त्यांपैकीच एक, कण्यातले टोक रोमन यंत्रातून सुटलेल्या बाणाचे आणि पुरलेले लोक म्हणजे किल्ला लढवताना पडलेले वीर, असे ते चित्र होते. व्हीलर यांचा अहवाल १९४३ मध्ये, महायुद्ध पेटलेले असताना प्रसिद्ध झाला. परकीय आक्रमकाशी झुंजणाऱ्या बेटाची गोष्ट त्या काळी ब्रिटिश वाचकाला किती भिडली असेल, हे वेगळे सांगायला नको.

पण काही गोष्टी या चित्रात नीट बसत नव्हत्या. मृतांजवळ स्थानिक घडणीची मडकी आणि मांसाचे तुकडे ठेवलेले होते. प्रेते घाईने खड्ड्यात लोटल्याची ही लक्षणे नव्हेत. त्या भागातल्या जमातीची अंत्यसंस्काराची रीतच अशी होती. १९८५-८६ मध्ये तिथे पुन्हा उत्खनन झाले आणि शंका बळावल्या. अखेर २०२५ मध्ये बोर्नमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच सांगाड्यांच्या रेडिओकार्बन तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे मृत्यू एका दिवसाचे नव्हतेच. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीपासून इ. स. पहिल्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, काही पिढ्यांमध्ये, हिंसेच्या वेगवेगळ्या लाटांत ते झाले होते. म्हणजे घाव खरे होते, माणसे खरोखर मारली गेली होती. पण मारणारे बहुधा रोमन नव्हते. तो आपसातलाच संघर्ष असावा, असे संशोधकांना वाटते.

हाडावरची जखम नेमके काय सांगते? माणूस जखमेनंतर काही आठवडे जगला असेल तर घावाच्या कडा बोथट होतात, नवे हाड धरू लागते. मृत्यूच्या सुमारास झालेल्या घावाच्या कडा धारदार राहतात आणि त्यांचा रंग आजूबाजूच्या हाडासारखाच असतो, कारण तेव्हा हाड ओले असते. मातीत शेकडो वर्षे पडून सुकलेले हाड कुदळीने तुटले तर ते ठिसूळपणे तुटते आणि तुटलेला भाग फिकट दिसतो. एवढे हाड प्रामाणिकपणे सांगते. घाव धारदार शस्त्राचा की बोथट, साधारण कोणत्या दिशेने आला, हेही सांगते. पण तलवार धरणारा हात रोमन होता की शेजारच्या टेकडीवरचा, हे हाड सांगू शकत नाही. ते आपण त्याच्या तोंडी घालतो.

व्हीलर यांच्या बाबतीत हे एकदाच घडले नाही. १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. मोहेंजोदडोच्या वरच्या थरांत आधीच्या उत्खननांत सुमारे चाळीस सांगाडे मिळाले होते. १९४७ मध्ये त्यांनी त्यांचा संबंध आर्यांच्या आक्रमणाशी जोडला आणि थेट इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिले की हे सगळे सांगाडे एका काळातले, एका थरातले नाहीत. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली, तेव्हा घातपाताच्या खुणा जवळजवळ सापडल्याच नाहीत आणि जो एक ठळक घाव होता तोही भरत आलेला निघाला. तरीही ‘कत्तली’ची ती गोष्ट आपल्याकडे आजही वादांत हिरिरीने सांगितली जाते.

इथे व्हीलर यांच्यावर हसून मोकळे होणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. कारण त्यांची चूक सापडली ती त्यांच्याच शिस्तीमुळे. चौकोन आखून, मध्ये मातीच्या भिंती राखून, थर न् थर नोंदवत खोदण्याची पद्धत त्यांनीच रुजवली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात नाव मिळवून देणारे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी तरुणपणी याच मेडन कॅसलवर त्यांच्या हाताखाली धडे घेतले. सांगाडे कुठे, कसे, कशासह सापडले हे लिहिलेले होते, हाडे जपून ठेवलेली होती, म्हणून सुमारे नव्वद वर्षांनी कुणीतरी त्यांना नवा प्रश्न विचारू शकले. मत चुकू शकते. नोंद नीट असेल तर चूक दुरुस्त होते, आणि नोंदच नसेल तर चूक कायमची सत्य होऊन बसते.

नेमके इथेच मला आपल्या व्यवस्थेची काळजी वाटते. शवविच्छेदनाच्या आपल्या छापील नमुन्यात सतरावा रकाना जखमांचा असतो. जखमेची जागा, लांबी-रुंदी, दिशा, अंदाजे वय असे सगळे त्यात लिहायचे असते. मत सर्वांत शेवटी द्यायचे असते. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे. पण बाहेर पोलीस थांबलेले, नातेवाईक ताटकळलेले, पंचनाम्यात ‘पडून मृत्यू’ किंवा ‘मारहाण’ असे आधीच लिहून आलेले, आणि डॉक्टर एकटा. अशा वेळी गोष्ट आधी ठरते आणि रकाना तिच्या सोयीने भरला जातो. सरकारी रुग्णालयातले मनुष्यबळ वाढल्याशिवाय हे पूर्ण सुधारणार नाही, हे खरे. पण मोजपट्टी लावून जखम लिहायला, फोटो काढायला लागणारी पाच मिनिटे हा ऐच्छिक खर्च नाही.

नैसर्गिक मृत्यूंची स्थितीही बरी नाही. २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र होते. जे मिळते त्यातही ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडल्याने’ असे अनेकदा लिहिलेले असते. हे कारण नव्हे. मरणाऱ्या प्रत्येकाचेच हृदय बंद पडते. ते कशामुळे बंद पडले, त्या आधी काय झाले होते, मधुमेह होता का, क्षय होता का, ही साखळी प्रमाणपत्रात हवी. कोणत्या तालुक्यात कोणत्या आजाराने माणसे जातात, हे सरकारला दुसऱ्या कुठून कळणार?

मेडन कॅसलच्या माणसांना मातीने दोन हजार वर्षे सांभाळले. आपल्याकडे बहुतेक देह काही तासांत अग्नीच्या स्वाधीन होतात. नंतर कुणाला शंका आली तर तपासायला हाड उरत नाही, उरतो तो कागद. म्हणून डॉक्टरांनी जे दिसले ते आणि जे वाटले ते वेगवेगळे लिहावे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. दुःखाच्या घाईतही ती मागून घ्या, वाचा, शंका असेल तर विचारा आणि जपून ठेवा. घरात पुढे कुणाला तोच आजार झाला, विम्याचा वाद उभा राहिला किंवा कोर्टाची पायरी चढावी लागली, तर गेलेल्या माणसाच्या वतीने बोलायला तेवढा एक कागदच असेल.