शाळा सुटल्यावर : न उघडणारे छायाचित्र



गेल्या महिन्यात लुसैल येथून आम्हांस एक छायाचित्र आले. ते तीन दिवस आमच्यापाशी होते, आणि तीनही दिवस आम्ही ते पाहू शकलो नाही. असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडला असेल, आणि बहुतेकांनी तो कोणास सांगितला नसेल. म्हणून या अंकी त्याविषयी चार शब्द लिहितो.

लुसैल हे कतार देशातील नगर दोहाच्या उत्तरेस समुद्रकाठी आहे. नाव जुने. आधुनिक कतारचे संस्थापक मानले जाणारे शेख जासिम बिन मोहम्मद अल थानी यांचे वास्तव्य तेथे होते व १९१३ साली त्यांचा अंत तेथेच झाला. आजचे उंच इमारतींचे नगर मात्र अलीकडचे. १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना तेथील मैदानावर झाला, तेव्हापासून हे नाव आपल्या नातवंडांसही ठाऊक आहे. या नगरात आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त राहतो. अलिबागेस आम्ही चौथीचा वर्ग घेत असू, तेव्हा तो पहिल्या बाकावर बसे. त्याची आजी आणि आमची आई या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणी.

गेल्या पावसाळ्यात तो रजेवर घरी गेला असता आजीच्या माघारी बंद पडलेली खोली त्याने आवरली. तेथे भिंतीवर एक तसबीर होती. आजी आणि आमची आई, दोघी तरुण, शेजारी शेजारी उभ्या. कोकणातील दमट हवेने कागद काचेला चिकटला होता. मुलगा शहाणा, हात लावण्यापूर्वी त्याने आपल्या आयफोनने काचेवरूनच छायाचित्र टिपले. नंतर तसबीर सोडवू गेला, तो चेहऱ्यांवरचा थर काचेबरोबर निघून आला. म्हणजे उरले ते फोनातले चित्र तेवढेच. आमच्या आईचे तरुणपणीचे दुसरे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही, हे त्यास ठाऊक होते. लुसैलला परतताच त्याने ते व्हॉट्सॲपवरून आम्हांस पाठविले व खाली लिहिले, "बाई, पाहिलात का?"

आम्ही "मिळाले, फार आभारी आहे" असे उत्तर आधी धाडले, आणि मग ते उघडू लागलो. आमच्या जुन्या संगणकाने हा फाइल प्रकार चालत नाही असे सांगितले. टॅब्लेटवर करडा चौकोन दिसला. छपाईच्या दुकानातील यंत्राने तर फाइलची दखलही घेतली नाही. घरातील एका तरुणाने निर्वाळा दिला की फाइल खराब आहे, पुसून टाका, पुन्हा मागवा. आम्ही पुसली नाही, पण दुसरा एक खुळेपणा केला. नावाच्या शेवटी 'एचईआयसी' ही अक्षरे होती, ती खोडून तेथे 'जेपीजी' लिहिले. आमचा समज असा की पाटी बदलली म्हणजे दुकान बदलले. अर्थातच काही उपयोग झाला नाही.

येथे थोडे थांबून मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या आजोबांच्या ट्रंकेत मोडी लिपीतील कागद असत. कुलाबा जिल्ह्यात कित्येक घरी जमिनीचे, देण्याघेण्याचे व्यवहार त्याच लिपीत लिहिलेले. पुढल्या पिढीस मोडी येईना, म्हणून ते कागद रद्दी ठरले. वस्तुतः कागद शाबूत होते, भाषाही आपली मराठीच होती. वाचणाऱ्यास लिपी येत नव्हती एवढेच. न उघडणाऱ्या छायाचित्रांची गोष्ट बहुतांशी अशीच आहे. चित्र शाबूत असते, यंत्रास त्याची लिपी येत नाही.

छायाचित्रांची सर्वांत रूढ लिपी जेपीईजी. तिचे प्रमाण १९९२ साली ठरले, आणि आज बहुतेक सर्व यंत्रांस ती वाचता येते. पुढे २०१५ साली एचईआयएफ नावाचे नवे प्रमाण आले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने ते आयफोनात आणले. आयफोन ७ व त्यापुढील फोन मुळात याच पद्धतीने चित्र साठवितात. त्या फाइलीच्या नावाशेवटी एचईआयसी येते. कारण साधे आहे. साधारण तेवढ्याच स्पष्टतेचे चित्र जवळपास निम्म्या जागेत मावते. जेपीईजीमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा नोंदविता येतात, तर नव्या प्रकारात त्याहून अधिक नोंदविण्याची सोय आहे. मात्र हे चित्र दाबून लहान करण्याची जी रीत आहे, तिच्यावर अनेक कंपन्यांचे पेटंट हक्क आहेत. ती वापरावयाची तर शुल्क पडते. म्हणून प्रत्येक यंत्रात ती आयती मिळत नाही.

नाव बदलून काम का होत नाही, हेही यावरून ध्यानी येईल. यंत्र नाव वाचून थांबत नाही, ते फाइलीचा आरंभ तपासते. प्रत्येक जेपीईजी फाइल ठराविक दोन बाइटांनी सुरू होते. एचईआयसीचा आरंभ निराळा असतो. मोडी पत्राच्या पाकिटावर देवनागरीत पत्ता घातला, तरी आतील मजकूर मोडीच राहतो.

ही अडचण केवळ आपणा वयस्करांचीच आहे, असे समजू नये. मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील कॉलेज बोर्ड या संस्थेने आपल्या एपी परीक्षा घरबसल्या घेतल्या. मुलांनी हाताने उत्तरे लिहून त्यांची छायाचित्रे पाठवावयाची होती. काही मुलांच्या आयफोनातील एचईआयसी चित्रे तेथे स्वीकारली गेली नाहीत, आणि अभ्यास करून, उत्तरे लिहूनही त्यांच्यावर जूनमध्ये पुन्हा परीक्षा देण्याची पाळी आली. फोनासवे वाढलेल्या मुलांची जर ही गत, तर आपण लाज का बाळगावी?

आता उपाय सांगतो. शाळेतील गणिताप्रमाणे पायरीपायरीने करावेत.

पहिली पायरी ही की फाइल पुसू नये, आणि आहे तशी तिची एक प्रत निराळी ठेवावी. दुसरी पायरी, नावाची शेवटची अक्षरे पाहावीत. एचईआयसी असेल तर ती बहुधा आयफोनची. काही सॅमसंग फोनांतही जागा वाचविण्याचा असा पर्याय असतो. वेबपी असेल तर ते गूगलने २०१० साली काढलेले रूप, बहुधा संकेतस्थळावरून उतरविलेले; ते क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये उघडते. सीआर२ किंवा एनईएफ असेल तर ती अनुक्रमे कॅनन व निकॉन कॅमेऱ्यांची कच्ची फाइल; ज्याने चित्र काढले त्याच्याकडूनच जेपीईजी मागवावी. तिसरी पायरी, फाइलीचा आकार पाहावा. शून्य दिसत असेल, किंवा पाठविणाऱ्याकडील आकाराहून पुष्कळच कमी असेल, तर फाइल अर्धवट उतरली आहे. तेव्हा मात्र ती पुन्हा मागविणे हाच मार्ग.

चौथी पायरी, ज्यास ती लिपी येते असे यंत्र शोधावे. घरात कोणाचा आयफोन वा मॅक असेल तर प्रश्न मिटला. मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये चित्र उघडून 'फाइल' या यादीतील 'एक्सपोर्ट' निवडावे व जेपीईजी सांगावे. गुणवत्तेची पट्टी वरच्या टोकाकडे ठेवावी, कारण जेपीईजी करताना चित्रातील थोडा तपशील गळतो व पुन्हा पुन्हा साठविले तर आणखी गळतो. विंडोज १० वा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून दोन जोडण्या घ्याव्या लागतात : एचईआयएफची जोडणी विनामूल्य आहे, एचईव्हीसीची अल्प किमतीस मिळते. पुष्कळजण पहिली घेऊन थांबतात आणि मग काही होत नाही म्हणून कष्टी होतात; दोन्ही लागतात. अँड्रॉइड प्रणालीत २०१८ च्या नवव्या आवृत्तीपासून ही लिपी वाचण्याची सोय आहे, तिच्याआधीच्या फोनांवर भरवसा ठेवू नये. परक्या संकेतस्थळावर फाइल चढवून रूपांतर करून मिळते खरे, पण ओळखपत्रे, पासपोर्ट व मुलाबाळांची चित्रे अशी परक्याच्या हाती देऊ नयेत.

पाचवी पायरी पाठविणाऱ्याची, आणि आमच्या मते ती सर्वांत मोलाची. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'कॅमेरा', त्यात 'फॉरमॅट्स', त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडला की पुढील चित्रे जेपीईजीत निघतात. आधीची मात्र आहेत तशीच राहतात. व्हॉट्सॲपवर चित्र नेहमीच्या रीतीने पाठविले तर ते आपोआप जेपीईजी होऊन जाते, पण आकाराने लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठविले तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. बघण्यासाठी पहिली रीत पुरे; छापण्यासाठी वा जपून ठेवण्यासाठी दुसरी उत्तम, पण समोरच्यास ती लिपी येते का, हे आधी विचारावे. ओसीआय कार्डाच्या अर्जास छायाचित्र जोडतानाही हाच विचार करावा. तेथे जेपीईजीच मागतात.

आमच्या विद्यार्थ्याने केले होते ते हेच. आईच्या चेहऱ्याची एक रेषही हरवू नये म्हणून त्याने चित्र डॉक्युमेंट करून पाठविले. त्याची काळजीच आमच्या आड आली. चौथ्या दिवशी आम्ही संकोच सोडून त्यास खरे लिहिले, "बाळा, उघडले नाही." उन्हाळ्यात लुसैलची व आमची घड्याळे एकच वेळ दाखवितात, दोन मिनिटांत त्याचे उत्तर आले की सूनबाईंच्या आयफोनवर पाहा. पाहिले. आई होती. डोईवर पदर, एक हात शेजारणीच्या खांद्यावर, आणि ओठ घट्ट मिटून हसू आवरलेले. आमच्या धाकट्या नातीची हसू दाबण्याची तऱ्हा कोणाची, हे आम्हांस त्या दिवशी कळले. मुलाच्या मॅकवर जेपीईजी प्रत केली, छापून आणली, आणि मागे दोघींची नावे पेन्सिलीने लिहिली. मूळ फाइलही दोन ठिकाणी जपून ठेवली आहे.

गोष्ट येथे संपावी, पण संपली नाही. आमचे पत्र वाचून त्या मुलाच्या मनात शंका आली. २०२२ च्या त्या अंतिम सामन्याच्या रात्री त्याने मैदानातून काढलेली चित्रे अलिबागेस आपल्या आईला अशीच डॉक्युमेंट करून पाठविली होती, आणि तिने "छान आहेत हो" असे कळविले होते. त्याने आता तिला स्पष्ट विचारले. माऊली म्हणाली, "मला ती दिसलीच नव्हती रे. तू हौसेने पाठविलीस, नाही कसे म्हणू?" इतकी वर्षे तिने ती पुसलीही नव्हती. त्याने त्याच रात्री सगळी पुन्हा साध्या रीतीने पाठविली. मुलगा कोठे उभा होता, कसा दिसत होता, हे तिने तेव्हा प्रथम पाहिले.

वाचकहो, आम्ही तरी निराळे काय केले होते? न पाहताच आभार मानले होते. समजले नाही तर हात वर करा, असे वर्गात मुलांना आयुष्यभर सांगितले, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा हात खाली ठेवला. आपण मलिद्याच्या ताटाचे, नातवाच्या बार मित्स्वाचे छायाचित्र ठाण्यास वा मुंबईस पाठविता आणि "छान" असे उत्तर येते, तेव्हा एकदा विचारून पाहावे, "दिसले ना?" आणि आपल्याकडे आलेले उघडत नसेल, तर नातवंडांसमोर वा पाठविणाऱ्यासमोर तसे मोकळेपणी सांगावे. चूक आपली नसते, चित्राचीही नसते. मधल्या यंत्रास लिपी येत नसते, आणि त्यास इलाज आहे.

तूर्त इतकेच. हा अंक वाचून झाल्यावर न उघडलेली एखादी फाइल आपल्या फोनात पडून आहे का, ते अवश्य पाहावे.