शिरवळचा बाजार व आत्मजागृति

शिरवळनजीकच्या डोंगरांत प्राचीन बौद्ध लेणीं आहेत. आत्मजागृतीस असलें एकांतस्थळच पाहिजे, अशी पुष्कळांची समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. जवळच्याच नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांस लहानपणीं शिरवळच्या बाजारांत एक पुस्तक मिळालें व अक्षरओळख नसतांही त्यांनीं तें जपून ठेविलें, असें सांगतात. पुढें पतीपाशीं शिकून १८४८ सालीं त्या पुण्यांत मुलींस शिकवूं लागल्या. १८९७ सालीं प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करितांना त्या निवर्तल्या. जागृति खरी कीं खोटी, हें कृतीवरूनच ठरतें. व्यापारी बंधूंनो, दुकानाची कीर्द आपण रोज तपासतां. घरच्या मुलीच्या शिक्षणाचें देणें किती थकलें आहे, तेंही एकदां पाहा!